किल्लीत लपलेली संख्या

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मार्च महिना, दहावीच्या परीक्षेचे दिवस. एटापल्ली तालुक्यातील एका शाळेच्या मुलांना परीक्षा केंद्रावर पोचवायला आम्ही एक गाडी ठरवली होती. आदल्या दिवशी बाजारात मालकाच्या खिशातून गाडीची किल्ली पडली. तरी तो निर्धास्त होता, कारण त्याने एका किल्लीवाल्याकडून हुबेहूब दुसरी किल्ली आधीच कापून घेतली होती. सकाळी त्या किल्लीने दार उघडले, स्टीअरिंग मोकळे झाले, स्टार्टर फिरला. इंजिन क्षणभर सुरू झाले आणि बंद पडले. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. ड्रायव्हरने डिझेल पाहिले, बॅटरी पाहिली. सगळे ठीक होते.

शेवटी गावातली एक जुनी डिझेल जीप धावून आली. तिची किल्ली इतकी झिजलेली, की चालू गाडीत ती बाहेर काढली तरी इंजिनाला पत्ता लागत नसे. चौघांनी धक्का मारला आणि मुले वेळेवर पोचली.

परतताना एका मुलाने विचारले, "सर, किल्ली तर तीच होती. दार उघडलं, मग गाडी का नाही सुरू झाली?"

प्रश्न साधा आहे. पण त्याचे उत्तर द्यायचे तर कुलपाच्या इतिहासात बरेच मागे जावे लागते.

कडी आणि कुलूप

बांबूच्या ताटीला दोरी अडकवली की शेळ्या-कोंबड्या घरात शिरत नाहीत. पण ती दोरी कोणाही माणसाला सोडता येते. ही झाली कडी. कुलूप म्हणजे अशी कडी, की जी सोडायला नुसते हात पुरत नाहीत, काहीतरी माहीत असावे लागते. किल्ली म्हणजे ही माहिती धातूत किंवा लाकडात कोरून ठेवलेली.

प्राचीन इजिप्तमध्ये लाकडी कुलपे होती. दाराच्या अडसराला भोके असत आणि वरून सैल खुंट्या त्या भोकांत पडत. मग अडसर सरकत नसे. दात असलेली लांब लाकडी किल्ली आत घालून वर उचलली, की सर्व खुंट्या एकदम वर जात आणि अडसर मोकळा होई. अमेरिकेतील लायनस येल (धाकटा) याने १८६० च्या दशकात हीच कल्पना धातूच्या लहानशा कुलपात बसवून पेटंट घेतली. त्यात प्रत्येक खुंटीचे दोन तुकडे असतात. किल्लीच्या दात्यांनी प्रत्येक खुंटी अगदी योग्य उंचीवर उचलली, तरच सगळे सांधे एका रेषेत येतात आणि कुलपाचा गाभा फिरतो. एकही खुंटी थोडी वर किंवा थोडी खाली राहिली तरी कुलूप अडते.

हे गणित फळ्यावर मांडून पाहा. एका खुंटीला पाच उंची शक्य असतील, तर किल्ल्या ५ प्रकारच्या होतील. दोन खुंट्यांना ५ × ५ म्हणजे २५. पाच खुंट्यांना ३१२५. म्हणजे किल्ली ही खरे तर एक पाच अंकी संख्याच आहे. फक्त ती कानशीने लिहिलेली आहे! आपण बाजारात 'सहा लिव्हर', 'सात लिव्हर' अशी कुलपे पाहतो, त्यांतही तत्त्व हेच. लिव्हर वाढले की चुकीच्या उत्तरांची संख्या वाढते. कुलपाचे बळ जाड पोलादात असते तसेच ते चुकीच्या उत्तरांच्या संख्येतही असते.

मोटारीच्या कुलपात खुंट्यांऐवजी बहुधा पातळ पत्र्या असतात. वर्षानुवर्षे धूळ खाऊन किल्ली झिजते, पत्र्याही झिजतात. मग 'अचूक' आणि 'जवळपास बरोबर' यांतला फरक कुलपाला कळेनासा होतो. जुन्या गाड्यांत एकीची किल्ली दुसरीला लागल्याचे किस्से ऐकू येतात, त्यामागे हेच कारण आहे. कागदावरच्या ३१२५ किल्ल्या प्रत्यक्षात थोड्याच उरतात.

कुलपाची परीक्षा

लंडनमध्ये जोसेफ ब्रामा या कारागिराने आपल्या दुकानाच्या खिडकीत १७९० सालापासून एक कुलूप मांडले होते. जो ते किल्लीशिवाय उघडील त्याला २०० गिनी बक्षीस. साठ वर्षे ते कोणाला जमले नाही. १८५१ सालच्या लंडनच्या जागतिक प्रदर्शनासाठी आल्फ्रेड हॉब्ज हा अमेरिकन कुलूपवाला तेथे आला. त्याने आधी चब कंपनीचे प्रसिद्ध कुलूप सुमारे २५ मिनिटांत उघडले. मग ब्रामाचे कुलूप हाती घेतले आणि १६ दिवसांत मिळून ५१ तास काम करून तेही उघडले.

शहरात गहजब झाला. असे दोष उघड केल्याने चोरांचे फावेल, असा आक्षेप आला. त्यावर हॉब्जच्या बाजूचे म्हणणे असे, की चोर आपल्या धंद्यात तरबेज असतात. दोष लपवले तर ते फक्त प्रामाणिक गिऱ्हाइकापासून लपतात. पुढे १८८३ साली ऑगुस्त केर्कहॉफ्स याने सांकेतिक लिपीबद्दल हाच विचार नियमाच्या रूपात मांडला. सगळी यंत्रणा शत्रूच्या हाती लागली तरी चालावे. गुप्त राहायला हवी ती केवळ किल्ली. हा नियम ध्यानात ठेवावा. पुढे मोटारीच्या बाबतीत तो विसरल्याची किंमत मोजावी लागली आहे.

आपल्याकडे आर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत लालबागला एका लहान शेडमध्ये कुलपे बनवायला सुरुवात केली. त्याआधी शस्त्रक्रियेची हत्यारे बनवण्याचा त्यांचा उद्योग फसला होता. मुंबईतल्या घरफोड्यांची बातमी वाचून ते कुलपांकडे वळले, असे सांगतात. त्यांनी पुढे स्प्रिंग नसलेले लिव्हरचे कुलूप काढले. स्प्रिंग मोडली की कुलूप निकामी होते. जो भाग कुलपात नाहीच, तो मोडणार कसा? एटापल्लीसारख्या गावात, जिथे दुरुस्ती दूर असते, तिथे या विचाराचे मोल जास्त कळते.

जीपला किल्ली नव्हती

सुरुवातीच्या मोटारी समोरून हँडल मारून सुरू कराव्या लागत. १९१२ साली कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर आला. १९४९ साली क्रायस्लर कंपनीने किल्ली फिरवताच स्टार्टर चालेल अशी सोय केली. आज आपल्याला ओळखीची असलेली हालचाल तेव्हाची.

दुसऱ्या महायुद्धातील जीपची कथा मात्र उलटी आहे. तिला लोखंडी दारे नव्हती, त्यामुळे दाराचे कुलूपही नव्हते. सुरुवातीच्या काही जीपना किल्ली होती, पण लवकरच ती काढून तिच्या जागी साधा खटका बसवण्यात आला. गोळीबार चालू असताना 'किल्ली कोणाकडे?' असे विचारत बसणे परवडणारे नव्हते. युद्धानंतर, १९४० च्या दशकाच्या अखेरीस, महिंद्र कंपनीने मुंबईत माझगावला विलीज जीप जोडायला सुरुवात केली. हा जीपचा वंश पुढे देशातल्या कच्च्या वाटांवर सगळीकडे पोचला.

जीपच्या खटक्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. किल्लीचा स्विच तरी काय करतो? दोन तारा जोडतो. मग चोराला किल्लीची गरजच काय? स्विचमागच्या तारा बाहेर काढून एकमेकींना जोडल्या की काम झाले. कुलूप कितीही उत्तम असो, ते स्विचवर पहारा देत होते, इंजिनावर नव्हे.

यावर पहिला व्यापक उपाय म्हणजे स्टीअरिंगचे कुलूप. किल्ली काढली की एक पोलादी खिट्टी स्टीअरिंगच्या दांड्यात अडकते. इंजिन सुरू झाले तरी गाडी वळत नाही. पश्चिम जर्मनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला असे साधन नव्या-जुन्या सर्वच मोटारींना सक्तीचे केले आणि तेथील मोटारचोऱ्या झपाट्याने घटल्या. ब्रिटनमध्ये १९७१ पासून ते फक्त नव्या मोटारींना लावले गेले. तेथे नव्या गाड्या वाचल्या, पण चोर जुन्या गाड्यांकडे वळले. एकच उपाय, दोन देश, दोन परिणाम. चोरी थांबली की नुसती शेजाऱ्याच्या दारी गेली, हे तपासल्याशिवाय उपाय यशस्वी म्हणू नये. समाजशास्त्रातही 'प्रयोग' कसे वाचावेत, याचा हा चांगला धडा आहे.

लोखंडाकडून संख्येकडे

आता त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. आजच्या बहुतेक गाड्यांच्या किल्लीच्या प्लॅस्टिकच्या मुठीत शेंगदाण्याहून लहान चिप असते. तिला बॅटरी लागत नाही. इग्निशनच्या भोवती तारेचे वेटोळे असते. त्यातून उलटसुलट वाहणारा प्रवाह सोडला, की किल्लीतील चिमुकल्या वेटोळ्यात विद्युतप्रवाह निर्माण होतो. फॅरेडेने १८३१ साली दाखवलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. तेवढ्या विजेवर चिप जागी होते आणि गाडीशी बोलते.

हे बोलणे मोठे मजेदार असते. गाडी एक संख्या सांगते, दर वेळी वेगळी. चिप तिच्यावर एक गुप्त क्रिया करून उत्तर देते. गाडीलाही ती क्रिया माहीत असते. उत्तर जुळले तरच गाडीतला संगणक इंधन सोडतो. याला इमोबिलायझर म्हणतात. किल्लीवाल्याने कापलेल्या किल्लीत दाते बरोबर होते, म्हणून दार उघडले, स्टार्टर फिरला. पण तिच्यात चिप नव्हती. गाडीने प्रश्न विचारला; उत्तर आलेच नाही.

वर्गात हा खेळ खेळता येतो. दोन मुलांनी एक नियम गुपचूप ठरवावा, उदाहरणार्थ 'सातने गुणा, तीन मिळवा'. एकाने संख्या सांगावी, दुसऱ्याने उत्तर द्यावे. तिसऱ्याने नुसते ऐकावे. ४ ला ३१, १० ला ७३. ऐकणारा हुशार असेल तर म्हणेल: संख्या ६ ने वाढली, उत्तर ४२ ने; म्हणजे गुणक ७, आणि ३१ − २८ = ३. दोन संवादांत गुपित फुटले! म्हणून खऱ्या गाडीतला नियम असा हवा, की कितीही उत्तरे ऐकली तरी गुपित हाती लागू नये.

तेही नेहमी साधले नाही. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीच्या चिपमधली गुप्त संख्या ४० बिटांची होती. म्हणजे सुमारे १ लाख १० हजार कोटी शक्यता. येलच्या ३१२५ पुढे हा डोंगरच. पण कंपनीची पद्धत गुप्त ठेवलेली होती, जगाने तपासलेली नव्हती. २००५ साली अमेरिकेतील संशोधकांनी ती शोधून काढली आणि खास जोडलेल्या यंत्रांवर तासाभराच्या आत गुप्त संख्या मिळवून दाखवली. केर्कहॉफ्सचा नियम पुन्हा खरा ठरला. बिटांची संख्या वाढवणे स्वस्त असते, हेही येथे सांगावे: एक बिट वाढला की शक्यता दुप्पट होतात.

तरीही इमोबिलायझरचा उपयोग निर्विवाद आहे. युरोपीय संघाने तो १९९८ पासून आणि कॅनडाने २००७ पासून नव्या मोटारींना सक्तीचा केला. अमेरिकेने केला नाही. तेथे विकलेल्या ह्युंदाई व किया कंपन्यांच्या अनेक गाड्यांत तो नव्हता. २०२१-२२ मध्ये त्या गाड्या कशा चोराव्यात याच्या चित्रफिती तरुण मुलांत पसरल्या आणि चोऱ्यांची लाट आली.

गुपित न फोडता चोरी

खिशातून काढावीही न लागणारी किल्ली आली, तेव्हा नवा प्रश्न उभा राहिला. अशी गाडी 'किल्ली जवळ आहे का?' हे ओळखते ते संदेश पोचतो की नाही यावरून. झ्युरिकच्या संशोधकांनी २०११ साली आठ कंपन्यांच्या दहा गाड्यांवर प्रयोग केला. एक माणूस गाडीजवळ, दुसरा मालकाजवळ. दोघांनी मधल्या मधे संदेश पुढे पोचवले. दहाही गाड्या फसल्या. येथे कोणी संख्या ओळखली नाही, संकेत फोडला नाही. 'संदेश पोचला म्हणजे माणूस जवळ आहे' हे गृहीतच चूक होते. धातूच्या बंद डब्यात किल्ली ठेवली तर हा संदेश अडतो; तेथेही आपला फॅरेडेच कामी येतो.

किंमत कोण देतो?

प्रत्येक कुलूप दोघांना अडवते: चोराला, आणि किल्ली हरवलेल्या मालकाला. पूर्वी दुसऱ्याची सुटका गावातला किल्लीवाला कानशीने करी. आज त्यासाठी कंपनीचे यंत्र आणि गाडीच्या संगणकात शिरण्याचा परवाना लागतो. आमच्या त्या गाडीमालकाला गाडी ट्रकवर चढवून शंभराहून अधिक किलोमीटर दूर न्यावी लागली. शहरात हे अर्ध्या दिवसाचे काम. एटापल्लीला पाच दिवसांचे, आणि पावसाळ्यात नाल्यांना पूर असेल तर त्याहूनही जास्त. ती गाडी रुग्णाला न्यायला ठरवलेली असती तर? युद्धातल्या जीपची किल्ली ज्या कारणाने काढली, ते कारण शांततेच्या काळातही संपलेले नाही.

म्हणून दूरच्या गावांनी काही गोष्टी पाळाव्यात. गाडी घेताना चिप असलेल्या दोन्ही किल्ल्या मागून घ्याव्यात आणि दुसरी घरी, वेगळ्या माणसाकडे ठेवावी. किल्लीसोबत मिळणारा क्रमांक वहीत उतरवून ठेवावा. कापून घेतलेली किल्ली घेतल्याच दिवशी इंजिन सुरू करून पारखावी. बटणाच्या किल्लीची बॅटरी संपली तरी घाबरू नये: बहुतेक किल्ल्यांच्या पोटात दाराची साधी धातूची किल्ली असते, आणि किल्ली स्टार्टच्या बटणाला किंवा कंपनीने दाखवलेल्या जागी टेकवली की बहुतेक गाड्या तिला ओळखतात.

त्या मुलाला मी एवढेच सांगितले, की किल्लीचा आकार तोच होता, पण तिला उत्तर येत नव्हते. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे सर, गाडीचाही पेपर होता."