दुष्काळामागून येणारे उंदीर

म्हैसूरच्या चेलुवांबा राजवाड्यात १९५० साली केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था स्थापन झाली. साठविलेल्या धान्याचे किडींपासून रक्षण हे तिच्या कार्याचे एक अंग आहे. त्या वास्तूवरून जाताना मला वॉल्टर इलियट या जुन्या मुलकी अधिकाऱ्याचे स्मरण होते.

१८२४ साली कित्तूरच्या संग्रामात इलियट राणी चन्नम्मेच्या कैदेत पडला होता. पुढे त्याने दक्षिण मराठा प्रदेशातील सस्तन प्राण्यांची यादी तयार करून १८३९ साली प्रसिद्ध केली. तीत ‘मेट्टाड’ नावाच्या लहानशा शेतउंदराचे वर्णन आहे. हा उंदीर खोल बीळ करीत नाही. उन्हाळ्यात काळ्या रानाला पडलेल्या भेगांतही तो राहतो. पावसाने भेगा बुजल्या, की असंख्य उंदीर आतच मरतात. १८२६ साली आरंभीचा पाऊस अपुरा झाला आणि ते बेसुमार वाढले. त्यांनी पेरलेले बी खाल्ले. पुढे ज्वारीच्या ताटांवर चढून कणसे तोडली. शेतकऱ्यांना सारा भरता येईना. त्यांनी वडारांना डझनांच्या हिशेबाने धान्य देऊन हजारो उंदीर मारविले, तरी संख्या घटल्याचे दिसले नाही. शेतात दाणा आहे तोवर उरलेली जोडपी ती तूट भरून काढणारच.

अर्धशतकानंतर याहून भीषण प्रसंग आला. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने दख्खन होरपळली. एकट्या म्हैसूर संस्थानाची लोकसंख्या १८७१ साली ५० लाखांहून अधिक होती, ती १८८१ साली ४२ लाखांच्या आत आली. पाऊस परतला, रान सावरू लागले. आणि १८७९ साली पुणे व नगर जिल्ह्यांतील पिकांवर उंदरांच्या झुंडी उतरल्या.

याचे कारण उघड आहे. सावरणाऱ्या रानात पडिकातील गवताचे बी आणि नव्या पिकाचा दाणा एकदमच उपलब्ध होतो. माणसाला व गुराढोरांना पूर्वस्थितीवर यावयास वर्षे लागतात. उंदराला काही महिने पुरतात. त्याला खाणारी घुबडे, मुंगसे त्या वेगाने वाढत नाहीत. साहजिकच पहिला घास उंदीर घेतो.

पाऊस पडला, की सरकारी दप्तरात दुष्काळ संपतो. शेतकऱ्याचा दुष्काळ मात्र नवे धान्य कणगीत पडेपर्यंत संपत नाही. सारा मागणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावयास हवे होते.