तिरक्या भिंतीला वीस वर्षं

एप्रिल २०२० मध्ये रेव्हिटची २०२१ ही आवृत्ती आली आणि तिच्यात एकदाची तिरकी भिंत काढता येऊ लागली. रेव्हिट म्हणजे इमारतींची मॉडेलं करायला जगभरातल्या आर्किटेक्टच्या ऑफिसांत चालणारं सॉफ्टवेअर. त्याची पहिली आवृत्ती एप्रिल २०००ची. उभी भिंत जराशी कलती करायची साधी सोय व्हायला वीस वर्षं गेली! तोवर ज्यांना तिरकी भिंत हवी असे, ते आधी ‘मास’ नावाचा एक ठोकळा तयार करत, त्याची बाजू हव्या त्या कोनात झुकवत आणि मग त्या बाजूवर भिंत चढवत. दिसायला ती भिंतच. पण नेहमीच्या भिंतीसारखी तिची बाह्यरेषा बदलायला गेलं की गाडी अडायची. ‘कोन दोन अंशांनी कमी करा’ असं मोठ्या साहेबांनी सांगितलं की पुन्हा पहिल्यापासून ठोकळ्याकडे.

त्यानंतर तीनच महिन्यांनी, जुलै २०२० मध्ये, ब्रिटनमधल्या बड्या आर्किटेक्चर फर्म्सनी रेव्हिटची मालक कंपनी ऑटोडेस्कच्या प्रमुखांना, अँड्र्यू अॅनाग्नॉस्ट यांना, एक जाहीर पत्र धाडलं. सह्या करणाऱ्यांत झाहा हदीद आर्किटेक्ट्स होते. ज्यांच्या इमारतींत सरळ भिंत शोधावी लागते, त्यांची सही या पत्रावर असावी यात नवल नाही. तक्रार दुहेरी होती. पाच वर्षांत खर्च सत्तर टक्क्यांपर्यंत वाढला आणि सॉफ्टवेअर जिथल्या तिथे राहिलं.

ही चिडचिड २०२० मध्ये जन्मली असं मात्र नाही. ऑटोडेस्क १९८२ मध्ये स्थापन झाली, त्याच वर्षाअखेर तिचं आराखडे काढायचं सॉफ्टवेअर ऑटोकॅड बाजारात आलं आणि चारच वर्षांत पहिली ठिणगी पडली. तेव्हा भांडण वेगाचं नव्हतं, कुलपाचं होतं. चोरट्या प्रती रोखायला कंपनीने हार्डवेअर लॉक आणलं. तो ठोकळा संगणकाला जोडल्याशिवाय ऑटोकॅड चालत नसे. पैसे मोजून घेणारे चिडले, आणि १९८६ मध्येच अमेरिकेतल्या प्रतींचं लॉक कंपनीला काढावं लागलं. गिऱ्हाइकाच्या रागाला तेव्हा वजन होतं.

गंमत म्हणजे ‘प्रगती मंदावली’ अशी सर्वांत झणझणीत तक्रार लेखी करणारा माणूस कंपनीचाच संस्थापक होता. जॉन वॉकर यांनी १९९१ मध्ये व्यवस्थापनाला एक लांबलचक पत्र लिहिलं. नफ्याची टक्केवारी सांभाळण्याच्या नादात तुम्ही नव्या कामावर पैसा लावत नाही आणि विंडोज दारात येऊन उभं असताना गाफील आहात, असा त्याचा मथितार्थ. तीस वर्षांनी ब्रिटिश आर्किटेक्ट्सनी लिहिलं त्यापेक्षा हे फार वेगळं नाही.

मग आली ऑटोकॅडची रिलीज १३. वर्ष १९९४. संथ, चुकांनी भरलेली, दुरुस्तीमागून दुरुस्ती मागणारी. ऑटोकॅडवर हात बसलेल्या जुन्या ड्राफ्ट्समनसमोर आजही तिचं नाव काढून बघा. पण तेव्हा लोकांनी काय केलं, तर काहीच नाही. ते रिलीज १२ वरच बसून राहिले. फ्लॉपीवरचं सॉफ्टवेअर आपल्या मालकीचं, पैसे एकदाच दिलेले, मग नवं घ्यायची सक्ती कुणाची? बारावर बसलेल्यांना उठवायचं तर कंपनीला काहीतरी चांगलं करून दाखवणं भाग होतं. १९९७ ची रिलीज १४ आली ती वेगवान होती, आणि लोक आपणहून सरकले. माझ्या मते या सगळ्या इतिहासाची किल्ली इथे आहे. अपग्रेड नाकारायची सोय होती, तोवर अपग्रेड चांगली करावी लागत होती.

त्याच १९९७ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये लिओनिड राइझ आणि अर्विन जुंगरीस यांनी चार्ल्स रिव्हर सॉफ्टवेअर नावाची छोटी कंपनी काढली. दोघेही यंत्रांच्या डिझाइनचं सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीतून आलेले. तिथली युक्ती त्यांनी इमारतीला लावली, आणि त्यातून रेव्हिट जन्मलं. प्लॅनमध्ये खिडकी हलवली की एलेव्हेशनमध्ये, सेक्शनमध्ये आणि खिडक्यांच्या तक्त्यातही ती आपोआप हलायची. प्रत्येक कागदावर तोच बदल पुन्हा करून डोळे फोडणाऱ्यांना हे वरदानच वाटलं. शिवाय २००० ची पहिली आवृत्ती आणि २००२ च्या सुरुवातीची ४.१ यांच्यामध्ये दर काही महिन्यांनी नवी आवृत्ती निघत होती. आणि हे सॉफ्टवेअर सुरुवातीपासूनच महिन्याच्या भाड्याने मिळायचं. म्हणजे आज सगळा दोष भाडेपद्धतीवर ढकलला जातो, तो पुरता खरा नाही. भाडं तेव्हाही होतं, पण समोर ऑटोकॅडसारखा पैलवान उभा होता. झोपून चालणार नव्हतं.

२००२ मध्ये ऑटोडेस्कने ही कंपनी तेरा कोटी तीस लाख डॉलरना विकत घेतली. पैलवान आणि त्याचा आव्हानवीर एकाच आखाड्याचे झाले.

पुढची वर्षं झटपट सांगण्यासारखी आहेत. आवृत्त्यांना वर्षांची नावं पडली, दर वसंतात नवी निघू लागली. २०१० च्या आवृत्तीने सगळी बटणं उचलून नव्या रिबनमध्ये ठेवली, तेव्हा मोठा गदारोळ झाला. आत फारसं काही न बदलता बाहेरचं सगळं हलवलं, हा राग. २०१६ मध्ये कायमच्या मालकीचे नवे परवाने विकणं बंद झालं, उरली ती वर्गणी. जमिनीचा उतार दाखवणारा पृष्ठभाग मात्र जाडीशिवाय, नुसत्या पापुद्र्यासारखा, २०२४ च्या आवृत्तीपर्यंत तसाच होता. इमारतीचा पाया ज्या मातीत जातो, त्या मातीला तोवर जाडीच नव्हती.

आणि आता फाइलकडे बघा, कारण खरी मेख तिथे आहे. ऑटोकॅडमध्ये ‘फाइल उघडत नाहीये हो, जरा खालच्या व्हर्जनला सेव्ह करून पाठवा ना’ असा स्ट्रक्चरल कन्सल्टंटचा फोन आला, तर मिनिटभराचं काम. २०१८ नंतर तर त्याची फाइलपद्धत वर्षानुवर्षं तीच राहिली. रेव्हिटमध्ये ही सोयच नाही. नव्या आवृत्तीत एकदा सेव्ह केलेलं मॉडेल जुन्यात उघडत नाही. म्हणून ऑफिसातल्या एकेका संगणकावर तीन-चार वर्षांची रेव्हिटं शेजारीशेजारी बसवलेली असतात. हॉस्पिटलचं काम एका आवृत्तीत, शाळेचं दुसऱ्या. वर्गणीत चालू आवृत्तीखेरीज मागच्या तीनच मिळतात. इमारत सहा-सात वर्षं चालली की मध्येच कधीतरी आर्किटेक्ट, स्ट्रक्चर, प्लंबिंग, वीज अशा सगळ्यांनी शनिवार-रविवार गाठून एकदम वर चढायचं. सोमवारी कुणाची तरी लिंक तुटलेली असतेच. सॉफ्टवेअर फार हळू सुधारतं आणि फार भराभर बदलतं, या दोन उलट्या वाटणाऱ्या तक्रारी एकाच तोंडून येतात त्या यामुळे.

२०२० च्या त्या पत्राला उत्तर आलं. अॅनाग्नॉस्ट यांनी बरेच आक्षेप मान्य केले नाहीत, पण आर्किटेक्टच्या उपयोगाच्या बाबतीत रेव्हिट हवं तितकं पुढे गेलं नाही हे कबूल केलं. इतर शाखांकडे जास्त लक्ष दिलं गेलं होतं. २०२२ मध्ये नॉर्डिक देशांतून दुसरं पत्र आलं. २०२३ मध्ये ब्रिटिश फर्म्सनी मागणीपत्रांचा मार्ग सोडून, पुढचं सॉफ्टवेअर कसं असावं याचा आराखडाच लिहून काढला आणि तो जो कुणी बनवेल त्याच्यासाठी खुला ठेवला.

बनवणारे पुढे आलेही आहेत. बंगळुरूतून स्नॅपट्रूड निघालं, आणि ऑटोडेस्कमध्ये एकेकाळी अॅनाग्नॉस्ट यांच्यासोबत हंगामी प्रमुखपद सांभाळलेल्या अमर हंसपाल यांनी मोटिफ सुरू केलं. स्नॅपट्रूडमध्ये भराभर उभं केलेलं मॉडेल पुढच्या कामासाठी रेव्हिटकडे पाठवायची सोय आहे. ती ठेवावीच लागते, कारण कन्सल्टंट अजून तिथेच बसले आहेत.