शितावरून भाताची परीक्षा



२०२४ च्या मे महिन्यातली गोष्ट. लोकसभेच्या सर्व्हेसाठी एक मुलगा आमच्या दारी आला. मी ओट्यावर बाजरी निवडत बसले होते. त्यानं मलाच विचारलं, "घरात कोणी आहे का?" मी आत हाक मारली. सासऱ्यांचं मत लिहून घेतलं आणि तो पुढच्या घरी गेला. मतदार यादीत माझंही नाव आहे, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. खरं सांगायचं तर माझ्याही नाही.

शितावरून भाताची परीक्षा आपण रोज करतो. पण नुसतं वरचं शीत दाबून पाहिलं, तर तळचा भात करपलाय का, हे कसं कळणार? निवडणुकीच्या अंदाजाचंही तसंच असतं.

अमेरिकेत १९३६ साली राष्ट्राध्यक्षाची निवडणूक होती. 'लिटररी डायजेस्ट' नावाच्या नामांकित साप्ताहिकानं सुमारे १ कोटी लोकांना मतपत्रिका धाडल्या. २० लाखांवर उत्तरं आली. त्यावरून साप्ताहिकानं सांगितलं, लँडन जिंकणार. प्रत्यक्षात ४८ पैकी ४६ राज्यांत रूझवेल्ट जिंकले! झालं असं, की पत्ते मुख्यतः टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून घेतले होते. मंदीचा काळ होता. गरिबाघरी कुठला फोन आणि कुठली मोटार? शिवाय उत्तर पाठवलं तेही मोजक्यांनीच. जॉर्ज गॅलप यांनी त्याहून कितीतरी कमी लोकांना विचारलं, पण सगळ्या थरांतल्या. त्यांचा विजेता बरोबर निघाला. दोन वर्षांत ते साप्ताहिक बंद पडलं.

आपल्या राष्ट्रपतींची निवडणूक निराळी. तिथं निवडून आलेले खासदार-आमदार मत देतात. महाराष्ट्रातल्या आमदाराच्या एका मताचं मूल्य १७५. त्यामुळे कोणता पक्ष कुणाकडे, हे कळलं की बेरीज मांडता येते. २००७ मध्ये आपल्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील उभ्या होत्या. शिवसेना समोरच्या आघाडीत असूनही मराठी उमेदवार म्हणून तिनं ताईंना पाठिंबा दिला. ताईंना ६,३८,११६ मूल्याची मतं मिळाली, भैरोंसिंह शेखावतांना ३,३१,३०६. देशाला पहिली महिला राष्ट्रपती मिळाली.

आपल्या मतांची मात्र अशी बेरीज आधी मांडता येत नाही. २०२४ च्या १ जूनला संध्याकाळी बहुतेक वाहिन्यांनी एनडीएला ३५० च्या वर जागा दिल्या. ४ जूनला पेटी उघडली, तर २९३!

म्हणून सख्यांनो, टीव्हीवर आकडा दिसला की आधी विचारा, कुणाकुणाला विचारून काढला? "आपला माणूस येणारच" किंवा "पडणारच" असं ऐकून मतदानाला जायचं टाळू नका. दारी सर्व्हेवाला आला, तर स्वतः बोला. सांगायचं नसेल तर "मत गुप्त असतं, दादा" म्हणा, तोही आपला हक्कच.

आणि गटाच्या बैठकीत कर्ज कुणाला द्यायचं हे ठरवताना पुढं बसलेल्या दोघींचं ऐकून ठराव लिहू नका. भिंतीला टेकून गप्प बसलेलीलाही विचारा.