साठ खुर्च्यांचा जलसा



आज तिशी-पस्तिशीत असलेल्या आमच्या पिढीने कबीर कला मंचाची गाणी कॉलेजात असताना पाठ केली. कॅसेटवरून नाही, ब्लूटूथवरून. २००२ साली, गुजरातच्या दंगलीनंतर पुण्यात उभा राहिलेला हा संच. डफ, ढोलकी आणि वस्तीतल्याच पोरापोरींचा आवाज. आपल्या वयाची मुलं जात आणि भूक एकाच दमात गातात, याचं तेव्हा केवढं अप्रूप होतं!

अशा संचांतले कलावंत आज एखाद्या विहारात किंवा वाचनालयाच्या खोलीत साठ-सत्तर लोकांसमोर गाताना दिसले, की आपलेच कार्यकर्ते हळहळतात. 'काय दिवस आले यांच्यावर!' या हळहळीला माझा आक्षेप आहे. गर्दी मोजून शाहिराची किंमत ठरवायची सवय आपल्याला जलशाने लावलेली नाही.

आंबेडकरी जलसा वाढला कुठे? चाळीच्या चौकात, गावकुसाबाहेरच्या अंगणात, गॅसबत्तीच्या उजेडात. त्याआधी सत्यशोधक जलशांनी तमाशाचा साचा घेऊन त्यातली भटशाही उपसून काढली होती. भीमराव कर्डकांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी १९३० च्या दशकात तोच साचा आपल्या लढ्याला जुंपला. गण राहिला, पण त्यातला गणपती गेला. बतावणी राहिली, पण तिच्यात पाणवठा, शाळा, सावकार, गावकीची कामं आली. बायकांची कामंही पुरुषच करत. दिवसभर राबणारे लोक रात्री उभे राहत आणि समोर बसलेलेही तसेच राबून आलेले असत. वाचता न येणाऱ्या माणसापर्यंत महाड आणि काळाराम मंदिराचा सत्याग्रह पोचला, त्यात या जलशांचा वाटा मोठा आहे. कर्डकांनी पुढे 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' हे पुस्तक लिहून ठेवलं. मिळवून वाचा. बाबासाहेबांनी एका जलशाला आपल्या दहा सभांच्या तोडीचं मानलं होतं, हे आपण दर जयंतीला माइकवरून सांगतो. पण ते जलसे केवढ्या जागेत झाले, हे कुणी सांगत नाही.

१९५६ नंतर गायनपार्ट्या आल्या, कव्वालीचे सामने आले, रेकॉर्डी आणि कॅसेटी आल्या. मंच मोठा झाला, ते चांगलंच झालं. पण मोठ्या मंचाला परवानगी लागते, पैसा लागतो आणि बहुतेक वेळा बॅनरवर फोटो हवा असलेला एक नेता लागतो. विलास घोगरे कुठल्या मंचाच्या जोरावर मोठे झाले? ते वस्त्यांमध्ये, कामगारांमध्ये गायले. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण गेले आणि चारच दिवसांनी या शाहिराने स्वतःचं जीवन संपवलं. आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' तिथूनच सुरू होतो आणि पुढे कबीर कला मंचापर्यंत येतो.

त्या मंचाचं काय झालं, हे तुम्हाला ठाऊक आहे. २०११ पासून अटका सुरू झाल्या. २ एप्रिल २०१३ ला शीतल साठे आणि सचिन माळी विधानभवनासमोर स्वतःहून हजर झाले. शीतलला त्याच वर्षी जामीन मिळाला, तेव्हा ती गरोदर होती. सचिनला जामिनासाठी जानेवारी २०१७ उजाडावा लागला, तोही सर्वोच्च न्यायालयातून. दोघांनी पुढे नवयान महाजलसा काढला. मंचातल्या इतरांवर २०२० मध्ये पुन्हा अटकेची वेळ आली. इतकं झाल्यावरही कुणी डफ हातात घेऊन साठ लोकांसमोर उभं राहत असेल, तर त्याला उतरती कळा म्हणायचं?

शिवाय छोट्या खोलीत एक गोष्ट होते, जी मैदानात होत नाही. म्हातारी आजी गाणं मधेच थांबवून शब्दाचा अर्थ विचारू शकते. स्पीकरच्या भिंतीला कोण काय विचारणार? (डीजेबद्दल बोललं की आमच्या मंडळातली पोरं मला म्हातारा म्हणतात. म्हणोत.)

हळहळायचंच असेल तर हिशेबाची वही उघडून हळहळा. साउंडचा आकडा घासाघीस न होता मंजूर होतो आणि शाहिराला मात्र 'समाजाचं काम आहे, समजून घ्या' असं सांगितलं जातं. ढोलकीवाल्याला रात्री शेवटची गाडी चुकली तर झोपायचं कुठे, हेही कुणी ठरवलेलं नसतं. यंदा जयंतीच्या वर्गणीची बैठक बसेल तेव्हा संचाचं गाडीभाडं आणि प्रत्येकाचं मानधन आधी बाजूला काढा. डीजेचं नंतर बघू.