येझ्दीचा लाल दिवा

मागच्या लेखात नानाकाकांच्या येझ्दीचा उल्लेख आला आणि पुण्याच्या आत्याने लगेच विचारलं, "अरे, तिला तो लाल दिवा कशाला असायचा? नाना सारखा त्याच्याकडेच बघत बसायचा." उत्तर दोन ओळींत देता आलं असतं. पण त्या दिव्यामागे बराच इतिहास आहे, थोडा गाडीचा आणि थोडा आमच्या भिवंडीचा. म्हणून हा लेख. मोटरसायकलींचा कंटाळा असलेल्यांनी आधी चहा करून घ्यावा.

जावा हे नाव मूळचं चेक. 1929 साली फ्रांतिशेक यानेचेक यांनी वांडरर या जर्मन कंपनीचं मोटरसायकलचं डिझाइन विकत घेतलं आणि यानेचेक व वांडरर या दोन नावांची सुरुवातीची अक्षरं जोडून नवं नाव केलं. आपल्याकडे मुंबईचे रुस्तम इराणी या गाड्या आयात करत. पुढे आयातीवर बंधनं आली तेव्हा म्हैसूरला आयडियल जावाचा कारखाना उभा राहिला आणि 1961 पासून गाड्या तिथेच बनू लागल्या. 1970 च्या दशकात जावाची येझ्दी झाली. 1996 साली कारखाना बंद पडला.

नानाकाकांची गाडी 1979 सालची. 1982 मध्ये मुंबईत दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप झाला आणि बरंचसं कापडाचं काम भिवंडीच्या मागांकडे वळलं. काकांच्या फेऱ्या वाढल्या. नमुने घेऊन मुळजी जेठा मार्केटला जायचं आणि रात्री उशिरा आग्रा रोडने परत यायचं. आता या गाडीची गोम अशी की ठिणगीही बॅटरीवरच. बॅटरी उतरली की नुसता हेडलाइट जात नाही, इंजिनही बंद पडतं. रात्री अकरा वाजता, पावसात, ट्रकांच्या मधोमध. लाल दिव्याकडे काका सारखे बघत ते यासाठी.

बुलेटला अँपिअर मीटर असायचा. काटा एका बाजूला गेला तर बॅटरी भरतेय, दुसऱ्या बाजूला गेला तर रिकामी होतेय. त्या मीटरऐवजी नुसता दिवा लावायची कल्पना 1930 च्या दशकात अमेरिकेत हडसनच्या मोटारींत आली. मीटरवाल्या मंडळींनी या दिव्यांना कुत्सितपणे 'इडियट लाइट' म्हटलं, म्हणजे अडाण्यांसाठीचा दिवा. मला ते अन्यायाचं वाटतं, कारण दिव्याची जोडणी फार हुशारीची आहे.

दिव्याचं एक टोक बॅटरीला, दुसरं डायनामोला. चावी फिरवली, इंजिन बंद आहे, म्हणजे डायनामोत दाब शून्य. बॅटरीचा करंट दिव्यातून डायनामोकडे जातो आणि दिवा लागतो. किक मारली, डायनामो बॅटरीच्या बरोबरीला आला की दोन्ही टोकांचा दाब सारखा होतो. मग करंट कशाला वाहील? दिवा विझतो. थोडक्यात, हा दिवा बिघाड ओळखत नाही. दोन बाजूंमधला फरक तेवढा दाखवतो.

एवढं कळलं की दुरुस्ती निम्मी झाली. चावी फिरवूनही लाल दिवा लागला नाही, तर आधी न्यूट्रलचा हिरवा दिवा बघायचा. तो लागतोय म्हणजे बॅटरी जिवंत आहे. मग इंजिन बंद ठेवूनच, लाल दिव्याकडून डायनामोला येणारी वायर काढून बॉडीला टेकवायची. दिवा लागला तर बल्ब आणि वायर ठीक, दोष डायनामोत. बहुतेक वेळा कार्बन झिजून आखूड झालेला असतो किंवा तेलाने चिकटून बसलेला असतो.

इंजिन चालू असूनही दिवा लख्ख जळत असेल तर चार्जिंग होत नाही. कार्बन बघा, कम्युटेटर बारीक पॉलिश पेपरने पुसून घ्या, मग रेग्युलेटर. गाडी वर्षानुवर्षं पडून असेल तर डायनामोच्या लोखंडातलं उरलंसुरलं चुंबकत्वच गेलेलं असतं. फील्डला क्षणभर बॅटरी लावून ते परत आणावं लागतं.

तिसरा प्रकार सगळ्यांत चकवणारा. दिवा पूर्ण विझत नाही, मंद धुगधुगत राहतो. डायनामो वीज बनवतोय, पण कटआउटचे पॉइंट काळे पडल्याने किंवा एखादा जोड सैल असल्याने ती बॅटरीपर्यंत पुरेशी पोचत नाही. एका गॅरेजात काकांना यासाठी आख्खा रेग्युलेटर बदलायला लावला होता. महिनाभरात धुगधुग परत सुरू!

शिवाय सगळा कारभार सहा व्होल्टचा. 30 वॅटच्या बल्बला बारा व्होल्टवर अडीच अँपिअर लागतात, सहावर पाच. गंजलेल्या जोडात 0.1 ओहमचा अडथळा असला तरी सहातला अर्धा व्होल्ट तिथेच जातो. बारा व्होल्टवर पाव व्होल्ट जातो, म्हणजे प्रमाणात चौपट फरक. आमच्याकडच्या पावसाळ्यात असे जोड किती गंजत असतील ते वेगळं सांगायला नको.

ती धुगधुग शेवटी थांबवली वंजारपट्टी नाक्याकडच्या मिस्त्रीने. कोकणी मुसलमान, बोलणं मोजकं. त्याने प्रत्येक जोड उघडून घासला, पॉइंट साफ केले आणि काकांना सांगितलं, "शेठ, पहिला दिवा लागला पाहिजे, मग विझला पाहिजे. दोन्ही झालं तर निघा." दिवा मुळातच लागत नसेल तर रस्ताभर तो विझलेलाच दिसणार आणि आपण खुशीत असणार.

हे वाक्य मला पुढे वेगळ्याच कारणाने आठवत राहिलं. भिवंडीने 1970 आणि 1984 अशा दोन मोठ्या दंगली पाहिल्या. 1984 च्या मे महिन्यात हे गॅरेज कित्येक दिवस बंद होतं आणि काकांची गाडीही आतच अडकली होती. दोन्ही वेळा आधी गाव शांतच वाटत होतं म्हणे. 1988 मध्ये पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे इथे आले आणि त्यांनी मोहल्ला समित्या सुरू केल्या. दोन्ही समाजांतली साधी माणसं आणि पोलीस नियमित एकत्र बसू लागले, किरकोळ कुरबुरी तिथल्या तिथे बोलल्या जाऊ लागल्या. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. त्याला इतरही कारणं असतील. पण दोन्ही टोकांना वायर जोडलेली होती, हे त्यातलं एक नक्की. एकाच टोकाला जोडलेला दिवा कधी लागतच नाही. काका आणि मिस्त्री दोघेही आपापल्या भागातल्या समितीत जात. तिथे येझ्दीवरच जास्त बोलणं व्हायचं, असं काकू म्हणते.

2018 मध्ये जावा आणि 2022 मध्ये येझ्दी हे नाव पुन्हा रस्त्यावर आलं. आनंद वाटला. पण त्या गाड्या वेगळ्या, इंजिन फोर स्ट्रोक आणि पेट्रोलचा हिशेब इलेक्ट्रॉनिक. डायनामोचे कार्बन घासून बसवणारे हात आता मोजकेच राहिलेत. आमचे मिस्त्री थकलेत, गॅरेज मुलगा बघतो, आणि त्याचा सगळा दिवस स्कूटरींत जातो.

असो. तुमच्याकडे आजोबांची किंवा काकांची जुनी जावा-येझ्दी धूळ खात असेल तर भंगारात द्यायच्या आधी एक करा. चार्ज केलेली सहा व्होल्टची बॅटरी जोडा आणि चावी फिरवा. लाल दिवा लागला, तर गाडी अजून बोलतेय. नाही लागला, तर आधी बल्ब बदलून बघा, फार खर्च नाही.