गाठीचे दोन अर्थ : यवतमाळ जिल्ह्यातील कापसाची वाहतूक आणि मालबांधणीचा इतिहास

वऱ्हाडच्या कापसाचा इतिहास आजवर बहुधा पीक, बाजारभाव, महसूल आणि रेल्वे या चार अंगांनी लिहिला गेला आहे. शेतातून निघालेला कापूस गाडीवर कसा चढला, तो कशाने बांधला गेला आणि वाटेत सांडू अथवा कलंडू नये म्हणून कोणती काळजी घेतली गेली, हे पाचवे अंग मात्र उपेक्षित राहिले. हे अंग क्षुद्र वाटण्याचा संभव आहे. परंतु माल चालत्या वाहनावर सुरक्षित ठेवणे ही कृती वाहतुकीइतकीच जुनी असून, तिच्यात चुकल्यास केवळ मालाचे नव्हे तर माणसाचेही नुकसान होते. प्रस्तुत लेखात यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात या अंगाचा विचार करावयाचा आहे. या ज्ञानाचा मोठा भाग दफ्तरांत नसून शब्दांत आहे. म्हणून इतिहासाबरोबर शब्दांचीही साक्ष घेणे भाग आहे.

आरंभ 'गाठ' या शब्दापासूनच करणे सोयीचे आहे. संस्कृत 'ग्रंथि', प्राकृत 'गंठि' आणि मराठी 'गाठ' अशी ही परंपरा सर्वपरिचित आहे. गाठोडे, गठडी, गठ्ठा हे शब्द याच कुळातले; 'ग्रंथ' हाही मुळात बांधलेल्या, गुंफलेल्या वस्तूचाच वाचक. कापसाच्या मुलखात मात्र या शब्दाला दोन स्वतंत्र अर्थ प्राप्त झाले. दोराला मारतात ती गाठ हा पहिला अर्थ. आणि यंत्राने दाबून, पट्ट्यांनी आवळून सिद्ध केलेला रुईचा घन गठ्ठा, म्हणजेच 'रुईची गाठ', हा दुसरा. पहिली गाठ गाडीवानाच्या व हमालाच्या हातची, दुसरी कारखान्याची व व्यापाऱ्याची. गेल्या दीडशे वर्षांत दुसऱ्या गाठीला माप, क्रमांक आणि कायदा हे सर्व मिळाले. पहिली गाठ मात्र तोंडी परंपरेवरच राहिली, हे दाखविणे हा या लेखाचा हेतू आहे.

(१) गोणी

रेल्वेपूर्व काळात वऱ्हाडातील मालाची दूरची वाहतूक बव्हंशी लमाण-बंजाऱ्यांच्या तांड्यांवर अवलंबून होती. यवतमाळ जिल्ह्यात, विशेषतः पुसद, दिग्रस व दारव्हा या भागांत, बंजारा समाजाची वस्ती आजही मोठी आहे. त्यांच्या बैलाच्या पाठीवर चाके नव्हती, साटा नव्हता. होती ती 'गोणी'. हा शब्द फार प्राचीन आहे. पाणिनीने अष्टाध्यायीच्या चौथ्या अध्यायात (४.१.४२) 'गोणी' हे रूप 'आवपन', म्हणजे धान्य भरून ठेवण्याचे साधन, या अर्थी सिद्ध केले आहे. इंग्रजीतील 'गनी' हा तागाच्या पोत्याचा वाचक शब्दही याच 'गोणी'पासून गेला.

गोणीची मालबांधणी तोलावर उभी होती. बैलाच्या दोन्ही अंगांस समान वजनाचे भार लोंबत आणि एकाने दुसऱ्यास धरून ठेवावे अशी ती रचना असे. दोर येथे गौण, तोल प्रधान. एक बाजू जड झाली की ओझे सरकणार, बैलाची पाठ सोलवटणार, आणि तांड्याचा खोळंबा होणार. भार बांधण्यापूर्वी भार वाटला पाहिजे, हे मालवाहतुकीचे पहिले सूत्र या रचनेतच सामावलेले होते.

(२) बंडी

पक्क्या सडका होऊ लागल्या तसा कापूस बैलांच्या पाठीवरून बंडीत आला. विदर्भात बैलगाडीस 'बंडी' म्हणतात. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांचा अमेरिकन कापूस आटला, वऱ्हाडच्या कापसास एकाएकी मागणी आली, आणि १८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग वऱ्हाडातून नागपुरास पोहोचला. हा मार्ग मात्र आजच्या यवतमाळ जिल्ह्याच्या उत्तरेकडून गेला. त्या वेळी 'वणी' या नावाने ओळखला जाणारा हा जिल्हा (१९०५ साली त्याचे नाव यवतमाळ झाले) लोहमार्गापासून दूरच राहिला. यवतमाळचा कापूस सुमारे तीस मैलांवरील धामणगाव स्थानकास बंडीनेच न्यावा लागे. मालबांधणीची खरी शाळा ही सडक होय.

बंडीच्या भाषेत या शाळेचे धडे साठविलेले आहेत. साट्याच्या कडेला उभ्या केलेल्या खुंट्यांना 'उभाऱ्या' म्हणतात; त्यांना तट्ट्या लावल्या की सैल कापसास भिंत मिळे. भार मागे अधिक झाला, पुढचा भाग उचलला गेला व जू बैलांच्या मानेवरून वर येऊ लागले, म्हणजे गाडी 'उलाळ' झाली असे म्हणत. याउलट भार पुढे सरकला की जू मानेवर दाबून बसे. चाकांच्या आसाच्या पुढे-मागे वजन कसे वाटावे, हा आजच्या वाहन-अभियांत्रिकीतील प्रश्न 'उलाळ' या एका विशेषणात गाडीवानाने सोडविला होता. बैलाची मान हाच त्याचा काटा होता.

दोरांचीही अशीच वाटणी आढळते. वेसण नाकातली, कासरा हाकण्याचा, दावे बांधून ठेवण्याचे, चऱ्हाट व दोरखंड ओझ्यासाठी. आणि वऱ्हाडात पिकाच्या कडेने लावल्या जाणाऱ्या अंबाडीचा वाख हा या दोरांचा घरचा पुरवठा. गाठींतही भेद होता. 'निरगाठ' सहजी न सुटणारी, 'सुरगाठ' एका ओढीत सुटणारी. भार घट्ट राहावा, पण बैल पडला किंवा गाडी कलली तर दोर क्षणात मोकळा करता यावा, या दोन परस्परविरोधी गरजा होत. कोणती गाठ कोठे मारावी याचा विवेक म्हणजेच मालबांधणीचे शास्त्र; आणि ते सुर-निर या दोन अक्षरांच्या भेदाने शिकविले जाई.

(३) दाबाची गाठ

सैल कापूस जागा फार खातो व वजन थोडे देतो. शंभर किलो कापसातून रुई निघते सुमारे तेहतीस ते पस्तीस किलो. बाकीची बहुतेक सरकी. आगगाडीचे व जहाजाचे भाडे वाचविण्यासाठी रुई दाबणे अपरिहार्य होते. आरंभी सैल बांधलेली रुई मुंबईस जाई व तेथे जहाजासाठी पुन्हा दाबली जाई. पुढे वाफेचे जिनिंग-प्रेसिंग कारखाने वऱ्हाडातच उभे राहिले. मुंबईची खंडी ७८४ पौंडांची व गाठ तिच्या निम्मी, ३९२ पौंडांची, असा हिशेब रूढ झाला. आजची प्रमाण गाठ १७० किलोंची आहे.

या दुसऱ्या गाठीभोवती कायद्याची बांधणी किती लवकर झाली हे पाहण्यासारखे आहे. १८६५ च्या वाहक-कायद्याने भाड्याने माल नेणाऱ्यावर मालाच्या नुकसानीची जबाबदारी टाकली. १८८६ साली कारंजा येथे कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला व १८९७ च्या वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजार कायद्याने ती पद्धत प्रांतभर नेली. १९२३ च्या कापूस वाहतूक कायद्याने हलक्या जातीचा कापूस संरक्षित क्षेत्रात आणण्यावर निर्बंध घातले. १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कारखाने कायद्याने प्रत्येक गाठीवर कारखान्याची खूण व अनुक्रमांक घालणे आवश्यक केले. म्हणजे वऱ्हाडची गाठ लिव्हरपूलला पोहोचल्यावरही तिचा जन्म कोठे झाला हे सांगता येऊ लागले.

या सर्व कायद्यांचा विषय कापसाची शुद्धता, वजन आणि मालकी हा आहे. ज्या बंडीवरून हा कापूस आला तिचा दोर, तिच्या उभाऱ्या, तिच्यावर बसलेला माणूस, हे त्यांच्या कक्षेत येत नाहीत. यात कोणाचा दुष्ट हेतू शोधण्याचे कारण नाही. भिजलेल्या अथवा भेसळीच्या कापसाने व्यापाऱ्याचे नुकसान होत असे व ते नुकसान दफ्तरात पोहोचत असे. कलंडलेल्या बंडीचे नुकसान गाडीवानाच्या घरी पोहोचे.

विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत मूर्तिजापूर-यवतमाळ हा ७६२ मिलीमीटर रुंदीचा, ११३ किलोमीटर लांबीचा अरुंदमापी लोहमार्ग झाला. पुढे 'शकुंतला' या नावाने लोकप्रिय झालेली ही गाडी आता बंद आहे. तिच्यामुळे धामणगावच्या सडकेवरचा भार हलका झाला. परंतु मूर्तिजापूरला रुंद मार्गावर जाताना माल उतरवून पुन्हा चढवावा लागे. दाबलेली, पट्ट्यांनी बांधलेली गाठ या हाताळणीस टिकणारी होती, आणि हमालाच्या आकड्याला सोयीची. सैल कापूस मात्र कारखान्यापर्यंत बंडीतच राहिला.

(४) ट्रक आणि नवे शब्द

मोटारवाहन आले ते १९१४ व १९३९ च्या मोटारवाहन कायद्यांच्या छायेत. मालट्रकाने बंडीची भाषा काही प्रमाणात उचलली, काही नवी घडविली. मागची झडप 'फाळका' झाली. फलकाशी त्याचे नाते उघड आहे. माल भरण्याच्या जागेला 'हौदा' हे हत्तीवरील बैठकीचे नाव मिळाले. सर्वांत मनोरंजक शब्द 'ताडपत्री' हा होय. इंग्रजी 'टारपॉलिन' म्हणजे डांबर लावलेले जाड कापड. त्याचा ताडाशी काहीएक संबंध नाही. परंतु पानांनी शाकारण्याची सवय असलेल्या समाजाने अपरिचित ध्वनींत परिचित ताड व पत्र ऐकले आणि शब्द आपलासा केला. लोकव्युत्पत्तीचे याहून स्वच्छ उदाहरण विद्यार्थ्यास क्वचितच सापडेल.

येथेच एक इशाराही दडलेला आहे. ताडपत्री माल झाकते. ती माल बांधीत नाही. पाऊस व धूळ यांपासून संरक्षण आणि हेलकाव्यापासून संरक्षण ही दोन निरनिराळी कामे होत. झाकलेला माल बांधलेलाच आहे असे मानण्याची चूक सहज घडते.

बंडी आणि ट्रक यांतील मूलभूत अंतर वेगाचे आहे. बैल थांबतो तो हळूहळू. ट्रक एका क्षणात थांबू शकतो, पण माल थांबू इच्छीत नाही. आंतरराष्ट्रीय सागरी संघटना, आंतरराष्ट्रीय श्रमसंघटना व संयुक्त राष्ट्रांचा युरोपीय आर्थिक आयोग यांनी २०१४ साली संमत केलेल्या संहितेत, सडकेवरील मालाची बांधणी पुढच्या दिशेने मालाच्या वजनाच्या आठ-दशांश आणि बाजूंस व मागे पाच-दशांश एवढा जोर सोसणारी असावी, असे गमक दिले आहे. साठ गाठींचा ट्रक घेतला तर माल १०,२०० किलोंचा होतो. जोराचा ब्रेक लागला असता ८,१६० किलो वजनाइतका जोर चालकाच्या पाठीमागील भिंतीकडे धाव घेतो. गाठ व भिंत यांत पोकळी राहिली असेल तर हा जोर धक्क्याच्या रूपाने येतो. म्हणून भार पुढच्या भिंतीस भिडवून रचणे हे दोराइतकेच महत्त्वाचे आहे.

वरून टाकलेला दोर माल ओढून धरतो ही समजूतही तपासून घेतली पाहिजे. असा दोर मुख्यतः मालाला खाली दाबतो, आणि त्या दाबाने वाढलेले घर्षण मालाला जागेवर ठेवते. दोर जितका उभा, तितका दाब अधिक; तो हौद्याच्या पातळीशी तीस अंशांचा कोन करीत असेल तर त्याच्या ताणाचा निम्माच भाग दाबाच्या कामी येतो. शिवाय कापूस हा मऊ माल आहे. हादऱ्यांनी तो बसतो, आणि निघताना ताठ असलेला दोर काही कोसांवर सैल पडतो. म्हणून वाटेत थांबून दोर पुन्हा आवळणे हा बांधणीचाच उत्तरार्ध समजला पाहिजे.

(५) मोजता येणारे आणि न येणारे

१९७१ च्या कायद्यान्वये महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. तीन दशकांच्या त्या कालखंडात खरेदी केंद्रांसमोर बंड्यांच्या व ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगा हे जिल्ह्याचे परिचित दृश्य होते. आज नागपूर-हैदराबाद राष्ट्रीय महामार्ग पांढरकवड्यावरून, तर नागपूर-तुळजापूर महामार्ग यवतमाळवरून जातो. वणीकडील कोळसा, कारखान्यांकडील रुई आणि खेड्यांतील सैल कापूस हे तिन्ही भार, तीन निरनिराळ्या स्वभावांचे, जिल्ह्याच्या सडकांवर एकत्र आले आहेत. कोळसा उडतो, गाठ सरकते, सैल कापूस फुगून हौद्याबाहेर येतो व रात्री मागून येणाऱ्यास वाहनाची खरी रुंदी कळू देत नाही.

कायदाही पुढे सरकला आहे. १९८८ च्या मोटारवाहन कायद्याखालील १९८९ च्या नियमांत, कोणासही धोका होईल अशा रीतीने लादलेले वाहन चालवू नये, हे तत्त्व आले. २०१९ च्या दुरुस्तीने मर्यादेपेक्षा अधिक वजनास वीस हजार रुपये व प्रत्येक जादा टनास दोन हजार, आणि हौद्याबाहेर अथवा मर्यादेपेक्षा उंच गेलेल्या मालासही वीस हजार रुपये दंड ठरविला. या तरतुदींचे महत्त्व कमी लेखू नये. तथापि त्यांचा कल ध्यानात येतो : काट्यावर आणि फुटपट्टीवर जे मोजता येते त्यास आकड्यांत शिक्षा सांगितली आहे. दोर झिजला आहे काय, गाठ कोणती मारली आहे, भार उलाळ आहे काय, हे काटा सांगत नाही. ते पाहणारा डोळा लागतो, आणि डोळ्यास शिकविणारी भाषा लागते.

ही भाषा आता कोणाकडे आहे ? बंडी मागे पडली तसे 'उलाळ', 'उभारी', 'सुरगाठ' हे शब्द तरुण पिढीच्या बोलण्यातून जात आहेत. मोल्सवर्थच्या कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीने व दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'ने (१९३२ ते १९३८) अशा शब्दांचा मोठा साठा टिपला; परंतु कोश शब्द जपतो, हात जपत नाही. माल भरणारा हमाल ट्रकाबरोबर जाईलच असे नाही. चालक माल बांधीलच असे नाही. ज्याच्या हातात दोर आहे आणि ज्याच्या जिवावर दोराचा परिणाम होणार आहे, ते दोघे बंडीवर एकच होते. ट्रकावर ते वेगळे झाले. या वियोगात तोंडी परंपरेचा धागा तुटतो. त्याची किंमत अनेकदा भरलेल्या मालावर बसून प्रवास करणाऱ्या मजुरास द्यावी लागते.

तेव्हा या क्षेत्रात भाषाभ्यासकाचे काम केवळ शब्दसंग्रहाचे नाही. जिल्ह्यातील जुने गाडीवान, जिनिंग कारखान्यांतील हमाल व मालट्रकांचे चालक यांच्याकडून दोर, गाठ व भार यांविषयीचे शब्द त्यांच्या कृतीसह नोंदले जावेत; कोणत्या मालास कोणती बांधणी, तिची कारणे कोणती, हे प्रत्येक शब्दासमोर लिहिले जावे; आणि वाहनचालकांच्या प्रशिक्षणाची मराठी पुस्तके या शब्दांत लिहिली जावीत. 'भारकेंद्र आसाच्या मागे गेले' या वाक्याने जे चालकास कळणार नाही, ते 'गाडी उलाळ झाली' या वाक्याने कळण्याचा संभव अधिक आहे. रुईच्या गाठीस शंभर वर्षांपूर्वी क्रमांक मिळाला. दोराच्या गाठीस निदान तिच्या नावाने अभ्यासक्रमात जागा मिळावी, ही अपेक्षा अवाजवी ठरू नये.