कुंड नेणारी माणसे



वास्तूंचा इतिहास आपण बांधकामाच्या सनावळीवरून लिहितो. वास्तू सोडून जाताना माणसांनी बरोबर काय नेले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारतो. मुंबईजवळच्या साष्टी बेटावरील एका खेड्यातल्या चर्चची हकिकत या प्रश्नाचे उत्तर देते.

महाकालीच्या बौद्ध लेण्यांजवळील कोंडिविटे या गावी जेझुइट धर्मगुरूंनी १५७९ मध्ये हे चर्च बांधले. १५८८ मध्ये ते उपासनेसाठी खुले झाले. ते अर्पण केले होते बाप्तिस्मा देणाऱ्या संत योहानाला. ग्रामीण चर्चमध्ये बाप्तिस्म्याचे कुंड परंपरेने प्रवेशद्वारानजीक असते, कारण ख्रिस्ती जीवनाचा उंबरठा तोच. तेथे बालकाच्या मस्तकावर पाणी ओततात, त्याचे नाव उच्चारतात आणि धर्मग्रामाच्या वहीत त्याची नोंद होते. बहुधा साधे आणि दगडी असलेले हे पात्र म्हणजे साऱ्या गावाच्या वंशावळीचे मूळ होय.

१७३७ मध्ये साष्टी पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आली. १७७४ मध्ये ती इंग्रजांनी घेतली. या दोन्ही सत्तांतरांतून चर्च टिकले. १८४० मध्ये मात्र गावात रोगाची साथ पसरली आणि धर्मग्राम मरोळला हलविणे भाग पडले. जाताना लोकांनी वेदी, मूर्ती, खांब आणि बाप्तिस्म्याचे कुंड बरोबर नेले. भिंती मागे राहिल्या. त्यांचे अवशेष पुढे १९७३ मध्ये स्थापन झालेल्या सीप्झ औद्योगिक क्षेत्राच्या आवारात आले. धर्मग्राम मात्र मरोळला चालू राहिले. १८८७ पासून ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण करणाऱ्या या समाजाची घरची बोली मराठीच आहे, हेही आपण ध्यानात घ्यावे.

आपल्या बेळगावच्या किल्ल्यातील कमल बसदीचा इतिहास याच्या नेमका उलट आहे. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळातील ही बसदी आजही उभी आहे. पण तिला दिलेल्या दानांची नोंद करणारे इ. स. १२०४ चे शिलालेख लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात गेले. तेथे वास्तू राहिली, लेख गेले. कोंडिविट्यात वास्तू गेली, कुंड राहिले. एक वस्तू परक्यांनी उचलली, दुसरी आपल्या माणसांनी वाहून नेली. दगड दोन्हीकडे हललाच. परंतु मरोळला नेलेला दगड ज्यांचा होता त्यांच्याच हाती राहिला, हा भेद मला महत्त्वाचा वाटतो.

श्रोतेहो, १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपली गावे जागची हलली नाहीत. हलली ती राज्याची सीमा. तरीही प्रश्न तोच उरतो. ज्या पात्राजवळ आपल्या मुलांना नाव आणि शब्द मिळतात, ते कोणते? टिळकवाडीतल्या अनेक घरांसाठी ते मायबोलीची शाळा हे होय. ते पात्र भरलेले ठेवणे हे माजी विद्यार्थ्यांचे काम आहे.